माशाने घेतलेले संकट

घरातल्या काचेच्या टाकीतला मासा मेला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते. 'वाईट वाटून घेऊ नका हो, घरावर काहीतरी संकट येणार होते, ते त्याने आपल्यावर घेतले.' म्हणणारा कधी शेजारी असतो, कधी वास्तुशास्त्राचा सल्लागार आणि पुष्कळदा खुद्द मासे विकणारा दुकानदार. मुलाचे डोळे पुसले जातात, मासा गॅलरीतल्या कुंडीत पुरला जातो आणि पुढच्या रविवारी त्याच दुकानातून नवा मासा येतो. आठ-दहा दिवसांत तोही एखादे संकट घेतो. महिन्याला अशी तीन-चार संकटे ज्या घरावर चालून येतात, त्या घराने खरे तर पोलिसांत वर्दी द्यायला हवी!

मला या समजुतीचा राग येतो, तो ती अंधश्रद्धा आहे एवढ्यासाठी नव्हे. याहून मोठ्या अंधश्रद्धा आपल्या घरांतून सुखाने नांदत असतात. राग येतो तो ती फार सोयीची आहे म्हणून. माशाच्या मरणाला एक उदात्त कारण मिळते आणि खरे कारण विचारायचे राहून जाते. गेली तीसेक वर्षे माझ्या घरात गोड्या पाण्याची टाकी आहे आणि या काळात ओळखीपाळखीतल्या कितीतरी घरांतून 'जरा येऊन बघता का?' असे बोलावणे आले आहे. नव्या टाकीतले मासे पहिल्या महिन्यात मेले असतील तर बहुतेक वेळा कारण एकच निघते. मासे सोडले तेव्हा पाणी तयार नव्हते.

पाणी तयार नसणे म्हणजे काय, हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. मासा खातो आणि त्याच्या शरीरातले टाकाऊ द्रव्य अमोनियाच्या रूपाने बाहेर पडते, तेही मुख्यतः कल्ल्यांवाटे. न खाल्लेले अन्न कुजते, त्यातूनही अमोनिया तयार होतो. नदीत हा अमोनिया वाहून जातो, विरून जातो. दोन फुटी टाकीत तो जाणार कुठे? तो साचतो आणि माशाचे कल्ले जाळू लागतो. मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतो, आणि आपण म्हणतो, बघा, कसा भुकेला झालाय! मग वरून आणखी चिमूटभर खाद्य पडते. म्हणजे विषावर विषाचाच उतारा.

निसर्गात याची व्यवस्था सूक्ष्म जिवाणूंकडे आहे. एक जात अमोनिया खाऊन त्याचे नायट्राइट करते. तेही विषारीच असते. माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच ते काढून घेते. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते. नायट्रेट मात्र थोड्याफार प्रमाणात मासा सोसतो आणि पाणवनस्पती ते खत म्हणून शोषून घेतात. जमिनीतले हे काम जिवाणू करतात, हे रशियन शास्त्रज्ञ विनोग्रादस्की यांनी १८९०च्या सुमारास दाखवून दिले. घरगुती टाक्यांत दुसरा टप्पा नेमके कोण पार पाडते याबद्दलची पुस्तकी समजूत तर १९९८ सालच्या संशोधनाने बदलली. सगळे श्रेय नायट्रोबॅक्टरला दिले जात होते, प्रत्यक्षात कामकरी निघाला नायट्रोस्पायरा! असो. नाव कोणतेही असो, हे जिवाणू नव्या टाकीत नसतात आणि भराभर वाढतही नाहीत. खडीवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात त्यांची वस्ती पुरेशी बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

आपल्या आया-आज्यांना हे मी एका शब्दात सांगतो आणि त्यांना ते लगेच पटते. तो शब्द म्हणजे विरजण. दूध कितीही चांगले असले तरी विरजणाशिवाय आणि रात्रभर थांबल्याशिवाय दही लागत नाही. टाकीचेही तसेच. पाणी भरावे, फिल्टर सुरू करावा, मासा एकही न सोडता रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होईल आणि जिवाणूंना पोटापाण्याचा उद्योग मिळेल. कुणा स्नेह्याकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरातला स्पंजाचा तुकडा मागून आणावा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरात ठेवावा. हे झाले खरे विरजण. त्याने दिवस पुष्कळ वाचतात. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे संच आता मिळतात. दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की दही लागले असे समजावे. त्यानंतर मासे आणावेत, तेही एकदम डझनभर नव्हे. चार आणावेत, आठवडा-पंधरवडा थांबून आणखी चार.

आता हे कोणता दुकानदार सांगतो? मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला जा, कुर्ल्याच्या बाजारात जा, नाहीतर आपल्या गावातल्या एसटी स्टँडजवळच्या दुकानात जा. टाकी, खडी, प्लास्टिकचा पाणबुड्या, बुडबुडे सोडणारा शिंपला आणि बारा मासे हे सारे एकाच दिवशी, एकाच पिशवीत मिळते. एका दुकानदाराला मी सरळच विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, 'काका, गिऱ्हाइकाला सांगितलं की महिन्याने या, तर तो पलीकडच्या दुकानात जातो.' त्याचे म्हणणे खोटे नाही. दोष एकट्या त्याचा नाही. ज्याला संध्याकाळच्या आत दिवाणखान्यात रंगीत मासे हवे असतात त्या गिऱ्हाइकाचाही आहे. पण मेलेल्या प्रत्येक माशामागे त्याच गिऱ्हाइकाची पुन्हा फेरी होते, हेही दुकानदाराला ठाऊक असते.

माझा खरा आक्षेप आहे तो या व्यवहारातून मुले काय शिकतात याला. बहुतेक घरांत टाकी येते ती मुलांच्या हट्टापायी. वाढदिवसाला मासे आले, पंधरा दिवसांत संपले, पुन्हा आणले, या चक्रात मुलाच्या मनावर ठसते ते एवढेच की हा जीव पेनातल्या रिफिलसारखा बदलता येतो. उलट महिनाभर नुसती पाण्याची टाकी घरात ठेवून बघा. मूल रोज विचारेल, मासे कधी येणार? त्याला संचातल्या नळीत पाण्याचा रंग कसा बदलतो ते दाखवावे, आकडे वहीत लिहायला लावावे. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट उतरू लागते, तेव्हा ते पोर घरभर सांगत सुटते. ज्या घरांनी माझे ऐकून हा महिना काढला, त्यांच्या मुलांनी पुढे माशांची हेळसांड केलेली मी पाहिली नाही.

टाकीच्या आधी त्या गोल भांड्याबद्दल बोलले पाहिजे. चार-पाच लिटर पाण्याचे काचेचे भांडे, त्यात एक गोल्डफिश, आणि ते भांडे टीव्हीवर किंवा शोकेसमध्ये. हा प्रकार बंद व्हावा असे माझे स्पष्ट मत आहे. गोल्डफिश हा चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी पाळीव झालेला कार्प जातीचा मासा. तो सात-आठ इंच सहज वाढतो, भरपूर खातो, त्या मानाने पाणी भरपूर घाण करतो आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षे जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस मिळालेला गोल्डफिश १९९९ साली मेला, म्हणजे तो ४३ वर्षे जगला. आपल्याकडे तो ४३ दिवस काढला तर कौतुक होते. इटलीतल्या मोंझा या गावाने २००४ साली अशा भांड्यांवर बंदी घातली आणि पुढच्या वर्षी रोम शहरानेही गोल भांडी नको म्हटले. मोंझाच्या नगरपालिकेने कारण असे दिले होते की वक्र काचेतून माशाला जग वेडेवाकडे दिसते. मला ते कारण काहीसे काव्यात्मक वाटते. पाणी थोडे, तोंड अरुंद, त्यामुळे हवा विरघळायला जागा कमी आणि फिल्टरला जागाच नाही, एवढे रोखठोक कारण बंदीला पुरेसे होते.

नवशिक्याला सगळे लोक 'आधी लहान टाकी घ्या, जमले तर मोठी' असा सल्ला देतात. तो नेमका उलटा आहे. पाणी जितके जास्त, तितकी चूक पचवण्याची त्याची ताकद जास्त. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच ही मी किमान टाकी मानतो. तिच्यात पन्नासेक लिटर पाणी मावते. काच, खडी धरून वजन पासष्ट-सत्तर किलोंच्या घरात जाते, म्हणजे घरातला एक धडधाकट माणूस कायमचा त्या टेबलावर बसवल्यासारखे आहे. तेव्हा टेबल मजबूत आणि सपाट हवे आणि टाकीखाली थर्माकोलची शीट हवी, नाहीतर टेबलाच्या एखाद्या उंचवट्याने तळाची काच तडकते. पूर्वी लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटीने काचा बसवलेल्या टाक्या असत, त्या गळत आणि गंजत. सिलिकॉन आल्यापासून तो ताप गेला. खिडकीसमोर टाकी ठेवू नये. उन्हाने पाणी तापते आणि आठ दिवसांत काचा शेवाळाने हिरव्या होतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते माशाला मारते आणि विरजणालाही मारते. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते. घाई असेल तर दुकानात क्लोरीन घालवणारे थेंब मिळतात, ते म्हणजे बहुधा जुन्या फोटोग्राफरांचा 'हायपो'च असतो. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे. सगळे पाणी कधीच काढू नये. दिवाळीच्या साफसफाईत टाकी रिकामी करून खडी साबणाने घासणारी घरे मी पाहिली आहेत. तिथे दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा संकटे सुरू होतात. फिल्टरचा स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, नळाखाली नव्हे.

पाण्याचा स्वभावही पाहावा लागतो. बोअरवेलचे पाणी बहुधा जड असते. गीझरवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, ही त्याची खूण. अशा पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी मजेत राहतात. निऑन टेट्रासारखे ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातले मासे तिथे कुढतात. पाणी बदलण्याच्या भानगडीत न पडता पाण्याजोगा मासा निवडावा, हे उत्तम. उन्हाळा ही आपली दुसरी परीक्षा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तीस अंशांना साडेसात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात वीज गेली, फिल्टर बंद पडला, की मासे आणि जिवाणू एकदमच गुदमरतात. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप त्या वेळी फार उपयोगी पडतो.

आता मासे कोणते? इथे मी जरा देशाभिमानी आहे. पहिल्या टाकीसाठी माझी शिफारस असते ती झेब्राची. दीड-दोन इंचांचा, अंगावर निळे आडवे पट्टे असलेला, दिवसभर उत्साहाने फिरणारा हा मासा आपलाच आहे. गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. पुढे अमेरिकेत जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ साली त्याच्यावरचे आपले काम प्रसिद्ध केले आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत हृदयापासून मज्जासंस्थेपर्यंतचा अभ्यास याच माशावर होतो. दुकानात मात्र तो सर्वांत स्वस्त मासा म्हणून कोपऱ्यातल्या टाकीत पडलेला असतो. थंडी-उन्हाळा सोसतो, भांडत नाही. सहा-आठांचा थवा ठेवला की त्याची खरी मजा कळते. एकटा ठेवू नये. दोन फुटी टाकीत असे आठ-दहा झेब्रे, तळाशी बारीक खडी, मागे व्हॅलिस्नेरियाची लांब पाती आणि दोन-चार गोगलगायी एवढे पुष्कळ झाले. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली बंद टाकीतल्या जीवनाचा समतोल दाखवला, तेव्हा त्यांच्याकडेही दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया आणि कुजलेली पाने खाणाऱ्या गोगलगायी एवढाच संसार होता.

काय आणू नये, ही यादी मात्र मोठी आहे. पिशवीतला दोन इंची 'शार्क' मुलांना फार आवडतो. तो शार्क नव्हेच, तो पंगास. वाढला तर मीटरभर होतो. हॉटेलात 'बासा' म्हणून जो मासा ताटात येतो, तो बहुधा हाच! काच साफ करायला म्हणून घेतलेला सकर दीड फुटापर्यंत जातो आणि साफ करतो त्याहून जास्त घाण करतो. भडक गुलाबी, निळे ठिपके असलेले काचेसारखे पारदर्शक मासे दिसले तर दुकानातून सरळ बाहेर यावे. ते रंग सुईने टोचलेले असतात, काही महिन्यांत फिके पडतात आणि टोचण्यात किती मासे मेले असतील याचा हिशेब कुणी ठेवत नाही. आणि हे क्रौर्य ज्या माशावर होते तो बहुतेकदा आपल्याच नद्या-तळ्यांतला असतो. भाग्योदयासाठी अरोवाना घेणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की अडीच-तीन फूट वाढणारा मासा चार फुटी टाकीत वळणार कसा?

या वाढलेल्या माशांचे पुढे काय होते, हा प्रश्न टाकीबाहेरचा आहे आणि सगळ्यांत गंभीर आहे. मासा टाकीत मावेनासा झाला की घरातले कुणीतरी म्हणते, जवळच्या तळ्यात सोडून देऊ, पुण्य लागेल. हे पुण्य तळ्याला फार महाग पडते. मूळचा दक्षिण अमेरिकेतला सकर आज केरळ, आंध्र, पश्चिम बंगालच्या पाण्यांत पसरला आहे. तो काठ पोखरतो, कोळ्यांची जाळी फाडतो, आणि त्याला बाजारात भाव नाही. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला मगरीच्या तोंडाचा ॲलिगेटर गार मासा सापडला. तो हिमालय ओलांडून आला नसणार! परका मासा एकदा रुजला की परत बोलावता येत नाही, हे आपल्याला नवे नाही. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आज आपल्या धरणांतून 'चिलापी' या घरगुती नावाने नांदतो आहे. म्हणून नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा, दुसऱ्या छांदिष्टाला द्यावा. नदी, तळे, विहीर यांत सोडू नये.

उलट दिशेनेही नुकसान होतेच. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत लाल-काळ्या पट्ट्यांचा एक देखणा मासा आहे, डेनिसन बार्ब. लाडाने त्याला 'मिस केरळ' म्हणतात. १९९७ साली सिंगापूरच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले आणि परदेशांतून मागणीचा पूर लोटला. ओढ्यांतून तो इतका उपसला गेला की आता धोक्यात आलेल्या जातींत त्याची नोंद आहे. त्याची पैदास तळ्यांत होऊ लागली आहे, ही चांगली गोष्ट. तेव्हा घेताना 'पैदाशीचा आहे की पकडलेला?' असे विचारावे. उत्तर खरे मिळेलच असे नाही, पण चार गिऱ्हाइकांनी विचारले की पाचव्या वेळी दुकानदारही घाऊक व्यापाऱ्याला विचारतो.

राहता राहिला प्रश्न खाण्याचा. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य, दिवसातून एकदा किंवा दोनदा. आठवड्यातून एक दिवस माशांनाही एकादशी घडवावी. गणपतीला किंवा लग्नकार्याला गावी जायचे असेल तर निरोगी, मोठे मासे आठवडाभर सहज उपाशी राहतात. धोका उपासाचा नसतो, शेजाऱ्यांचा असतो. किल्ली घेऊन आलेल्या प्रेमळ काकूंना मासे काचेशी आले की ते भुकेने कासावीस झाले आहेत असेच वाटते आणि त्या डबा उपडा करतात. आठवड्याहून जास्त दिवस जायचे असेल तर होमिओपॅथीच्या औषधासारख्या मोजून पुड्या बांधाव्यात, प्रत्येकीवर वार लिहावा आणि खाद्याचा डबा कपाटात घालून कुलूप लावावे. काकू कितीही चांगल्या असल्या तरी.